रस्त्यावरची गाडी घेऊन नेपाळला, मुक्तिनाथपर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी गाडी म्हणजे चारशे सीसीची दुचाकी, सतरा इंची चाकांची, डांबरी रस्त्यासाठीच बनवलेली. ती घेऊन मी साताऱ्याहून दोनदा मुक्तिनाथला, नेपाळच्या हिमालयातल्या देवस्थानाला, जाऊन आले. पहिल्यांदा २०२२च्या नोव्हेंबरात मैत्रिणीबरोबर, ती तिच्या गाडीवर. दुसऱ्यांदा २०२४च्या एप्रिलमध्ये, नवऱ्याला मागे बसवून. तेव्हापासून जे प्रश्न सतत येतात ते इथे एकत्र केले आहेत. तुमचा प्रश्न नेमका दिसला नाही तर शेजारचे वाचा, बहुधा तिथे उत्तर मिळेल.

१. ताई, माझ्याकडे ॲडव्हेंचर बाईक नाही, साधी रस्त्यावरची आहे. जमेल का?

जमेल. मुक्तिनाथच्या वाटेवरचा सगळ्यात खडतर तुकडा बेनी ते जोमसोम, तिथे स्थानिक लोक दीडशे सीसीच्या गाड्यांवर रोज जा-ये करतात, मागे भाजीची पोती बांधून. फरक पडतो तो जमिनीपासूनच्या उंचीचा. हिमालयन या ॲडव्हेंचर बाईकच्या जुन्या ४११ सीसी मॉडेलला २२० मिमी मिळतात, क्लासिक ३५०ला १७०, इंटरसेप्टर ६५०ला १७४ आणि डोमिनार ४००ला १५७. म्हणजे ज्या दगडावरून हिमालयन सरळ जाते तो आपल्याला चुकवून जायचा आहे, आणि त्यासाठी वेग कमी हवा. ॲडव्हेंचर बाईकवाला जे अंतर एका दिवसात कापतो त्याला मी दोन दिवस धरते. एवढं मान्य असेल तर गाडी अडवत नाही.

मी फक्त एका प्रकाराला नको म्हणेन: पुढे वाकून बसायची, खाली पूर्ण फेअरिंग (प्लास्टिकचं आवरण) असलेली स्पोर्ट्स बाईक. गाडी पोचेल, पण मनगटं आणि फेअरिंग यांचे फार हाल होतात.

२. पासपोर्ट, व्हिसा लागतो का? आधार कार्ड चालतं म्हणतात.

भारतीय नागरिकाला नेपाळचा व्हिसा लागत नाही. वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक मूळ स्वरूपात जवळ ठेवा. आधारवर विसंबून निघू नका. पायी किंवा सायकलरिक्षाने सीमा ओलांडणाऱ्याला कुणी विचारत नाही म्हणून लोकांचा गैरसमज होतो, पण गाडी आत नेणाऱ्याची ओळख कागदावर नोंदवली जाते. परदेशी पासपोर्ट असलेल्यांसाठी प्रश्न २० पाहा.

३. भन्सार म्हणजे काय आणि ते कसं काढायचं?

भन्सार म्हणजे नेपाळची जकात. तुमची गाडी काही दिवसांसाठी नेपाळात आली आहे आणि परत जाणार आहे, याची ती पावती. शुल्क दिवसांवर मोजतात, जितके दिवस मागाल तितके पैसे आधी भरायचे. कार्नेटची, म्हणजे गाडी परदेशी नेण्यासाठीच्या हमीच्या कागदाची, गरज नाही.

सोनौली हे उत्तर प्रदेशातलं सीमेवरचं गाव, त्याची भारतीय बाजू ओलांडली की पलीकडे बेलहिया लागतं. तिथल्या भन्सार कार्यालयात आरसी, लायसन्स आणि ओळखपत्र दाखवायचं, फॉर्म भरायचा, पैसे भरून पावती घ्यायची. त्याला जोडून वाहतूक परवाना घ्यायला सांगितलं तर तोही तिथेच घ्या आणि त्यावर पोखरा, बेनी, जोमसोम, मुक्तिनाथ अशी सगळी नावं लिहून घ्या. पुढे प्रहरी (पोलीस) चौकीवर हाच कागद मागतात.

तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, दिवस सढळ हाताने मागा. दहा दिवसांचा बेत असेल तर चौदा दिवसांचं भन्सार काढा. दरड कोसळून रस्ता बंद झाला तर ते चार दिवस कामी येतात. मुदत टळली तर दंड होतो आणि प्रकरण गाडी जप्त होण्यापर्यंत जाऊ शकतं.

दुसरी, पावतीवरची तारीख विक्रम संवतात असते, आणि मराठी माणूस इथे हमखास गोंधळतो. महिन्यांची नावं आपल्यासारखीच, वैशाख, जेठ, असार, साउन. पण नेपाळचे महिने सौर आहेत, आपले चांद्र. २०२४मध्ये आपला गुढीपाडवा ९ एप्रिलला झाला आणि नेपाळचं नवं वर्ष, २०८१चा १ वैशाख, १३ एप्रिलला लागलं. त्यांचा महिना ३२ दिवसांचाही असतो. कालनिर्णय उघडून हिशेब करू नका. खिडकीवरच्या माणसाला इंग्रजी तारीख विचारा आणि पावतीच्या मागे पेनाने लिहून घ्या.

तिसरी, एका भारतीय गाडीला नेपाळच्या एका आर्थिक वर्षात एकूण ३० दिवसच मिळतात. हे वर्ष जुलैच्या मध्याला सुरू होतं. नोव्हेंबरात वीस दिवस राहून आलात आणि एप्रिलमध्ये पुन्हा निघालात, तर शिल्लक दहाच दिवस आहेत.

बाहेर गल्लीत "सगळं करून देतो" म्हणणारे लोक भेटतील. पहिल्या खेपेला मी अशा एकाला भन्सारच्या जवळजवळ दुप्पट पैसे दिले. दुसऱ्यांदा स्वतः रांगेत उभी राहिले आणि पाऊण तासात मोकळी झाले. शनिवारी नेपाळात सुट्टी असते आणि घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे असतं, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी सीमेवर पोचायचं टाळा.

४. गाडीचे कोणते कागद न्यायचे? डिजिलॉकर चालेल ना?

मूळ कागद न्या. आरसीचं स्मार्ट कार्ड, लायसन्स, विम्याची छापील प्रत, पीयूसी. मोबाइलमधली आरसी हा भारतातला कायदेशीर पुरावा आहे, नेपाळच्या खिडकीवर ती मानायला कुणी बांधील नाही. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स आणि चार पासपोर्ट आकाराचे फोटो ठेवा. भारतीय लायसन्स नेपाळात चालतं आणि तिथेही गाड्या डावीकडूनच जातात.

५. गाडी वडिलांच्या नावावर आहे. किंवा कर्ज चालू आहे. किंवा आरसीवर माझं माहेरचं नाव आहे.

पहिल्या बाबतीत वडिलांचं अधिकारपत्र नोटरीकडून करून घ्या. ते इंग्रजीत असावं, गाडी नंबर, चासी नंबर, देश आणि तारखा लिहिलेल्या असाव्यात, सोबत त्यांच्या ओळखपत्राची प्रत. दुसऱ्या बाबतीत बँकेकडून गाडी देशाबाहेर न्यायला हरकत नसल्याचं पत्र मागा. ते मिळायला वेळ लागतो, म्हणून महिनाभर आधी अर्ज करा.

तिसरा प्रश्न मला बायकांकडूनच येतो, आणि तो खरा आहे. आरसीवर माहेरचं नाव, लायसन्सवर सासरचं आणि पासपोर्टवर तिसरंच काही, अशी अवस्था आपल्याकडे कितीतरी जणींची असते. विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवला तर निभावतं. पण अपघात झाला आणि विम्याचा दावा करायची वेळ आली तर तिथे नावातला फरक नडतो. वेळ असेल तर आरटीओत नाव बदलूनच निघा.

६. भारतातला विमा नेपाळात लागू होतो का?

आपोआप होत नाही. वाहन विम्याला "भौगोलिक क्षेत्र विस्तार" जोडून घ्यावा लागतो. जादा हप्ता भरून नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान यांच्यासाठी तो मिळतो. ऑनलाइन घेतलेल्या पॉलिसीत हा पर्याय बहुतेक दिसत नाही, कंपनीला लिहून मागावा लागतो, आणि पॉलिसीवर तशी नोंद छापून आली पाहिजे. फोनवरच्या "हो, होईल" ला अर्थ नाही.

माणसाचा विमा वेगळा. भारतातली आरोग्य पॉलिसी सहसा देशाबाहेर चालत नाही. प्रवास विमा घेताना दोन अटी शोधून वाचा: अमुक सीसीच्या वरची दुचाकी वगळली आहे का, आणि अमुक उंचीच्या वर संरक्षण संपतं का. मुक्तिनाथ सुमारे ३,७०० मीटरवर आहे.

७. कुठल्या महिन्यात जावं?

मध्य ऑक्टोबर ते नोव्हेंबर, किंवा मार्चअखेर ते मेचा पहिला पंधरवडा. जून ते सप्टेंबर नाही. श्रावणात मुक्तिनाथ करायची अनेकांची इच्छा असते, तरीही माझं उत्तर हेच आहे.

नेपाळात दरडीला पहिरो म्हणतात आणि पावसाळ्यात हा शब्द रोज कानावर पडतो. १२ जुलै २०२४ला नारायणगढ–मुग्लिन रस्त्यावर सिमलतालला दरडीने दोन बस त्रिशूली नदीत ढकलल्या. त्याच वर्षी २३ ऑगस्टला तनहुँ जिल्ह्यात मर्स्याङ्दीच्या पात्रात बस कोसळून २७ जण गेले, त्यातले बहुतेक आपल्या जळगाव जिल्ह्यातले यात्रेकरू. १३ ऑगस्ट २०२३ला कागबेनी गावातून पूर वाहिला. हे गाव मुक्तिनाथच्या वाटेवरच आहे आणि एरवी तिथे पाऊस फारसा पडत नाही. २०२४च्या सप्टेंबरअखेर काठमांडूच्या परिसरात मोठा पूर येऊन बीपी राजमार्ग ठिकठिकाणी वाहून गेला. म्हणून "गणपती झाले की निघू" असा बेत असेल तर तो दसऱ्यानंतरवर ढकला.

दसऱ्याच्या सुमारास तिथे दशैं असतो. सगळा देश गावी जातो, कार्यालयं बंद असतात, गॅरेजं बंद असतात. मी दशैं आणि तिहार (त्यांची दिवाळी) संपवून गेले होते, रस्ते मोकळे मिळाले. थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारी, वर बर्फ आणि रस्त्यावर सकाळी काचेसारखा थर असतो. रस्त्याच्या टायरांवर तो प्रयोग नको.

८. साताऱ्या-पुण्याहून सोनौलीपर्यंत चालवत नेऊ की रेल्वेने पाठवू?

मी दोन्ही केलं आहे. चालवत जायचं तर नाशिक, धुळे, इंदूर, झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर हा सरळ मार्ग आहे. चार दिवस धरा. या टप्प्यात मात्र आपली गाडी ॲडव्हेंचर बाईकपेक्षा सुखाची आहे.

रजा कमी असेल तर गाडी गोरखपूरला पार्सल करा. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कुशीनगर एक्सप्रेस गोरखपूरला जाते, पुण्याहूनही गाड्या आहेत. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसी आणि ओळखपत्राची प्रत लागते, आणि गोणपाटाचं पॅकिंग स्टेशनबाहेर करून मिळतं. आरसे आणि पुढची काच आधीच काढून सामानात टाका. गाडी तुमच्याच रेल्वेने येईलच असं नाही, म्हणून एक दिवस हाताशी ठेवा. गोरखपूर ते सोनौली सुमारे ९५ किमी.

९. सोनौलीपासून पुढचा रस्ता खरंच कसा आहे?

सोनौली ते पोखरा सिद्धार्थ राजमार्ग, साधारण १८० किमी. बुटवलपर्यंत सपाट. बुटवल सोडलं की लगेच सिद्धबाबाचा पट्टा लागतो, उभ्या कड्याखालून जाणारा, आणि वरून दगड सुटतात. तिथे बोगद्याचं काम सुरू झालेलं आहे. कधी कधी वाहतूक थांबवून सोडतात. फोटोसाठी तिथे थांबू नका. पुढे पाल्पाचा डोंगर आणि शेकडो वळणं. आपला आंबेनळी घाट ज्यांनी मनापासून चालवला आहे त्यांना इथे फार मजा येईल. सकाळी लवकर सीमा सोडली तर अंधाराच्या आत पोखरा गाठता येतं.

पोखरा ते बेनी सुमारे ८० किमी, नयापूल, कुश्मा, बागलुङ करत. रुंदीकरणाची धूळ सोडली तर अवघड काही नाही. बेनीत टाकी काठोकाठ भरा.

बेनी ते जोमसोम हाच या प्रवासाचा गाभा. अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, आणि मला पहिल्यांदा आठ तास लागले. काही पट्टे डांबरी झाले आहेत, काही खडी, काही नुसता नदीकाठचा गोटा. तातोपानीला गरम पाण्याची कुंडं आहेत. त्यापुढे दाना, रुप्से धबधबा आणि घासा या भागात दरी अगदी अरुंद होते. एका हाताला धौलागिरी, ८,१६७ मीटर, दुसऱ्या हाताला अन्नपूर्णा, ८,०९१ मीटर, आणि मधून कालीगंडकी. तो भव्यपणा हेल्मेटमधून नीट कळत नाही. लेतेला गाडी बंद करा आणि दहा मिनिटं उभे राहा.

लेतेच्या वर झाडं विरळ होतात, टुकुचे, मार्फा करत दरी रुंद होते आणि वारा सुरू होतो. वाऱ्याबद्दल गंभीरपणे सांगते. सकाळी दहा-अकरानंतर खालून वर असा वारा सुटतो की जोमसोमची विमानंसुद्धा फक्त सकाळी उडतात. दुपारी नदीपात्रातली वाळू उडून व्हायझरवर आदळते आणि सामान लादलेली गाडी आडवी सरकते. मार्फा ते कागबेनी हा तुकडा सकाळी दहाच्या आत पार करा. त्यासाठी आदल्या रात्री मार्फ्यात राहा. सफरचंदाच्या बागा, पांढऱ्या भिंतींची गल्ली आणि थकाली (तिथला स्थानिक समाज) घरातला दालभात हे सगळं तिथे आहेच.

कागबेनीपासून मुक्तिनाथची चढण बरीचशी डांबरी आहे. गाड्या रानीपौवा गावात थांबतात, तिथून देवळापर्यंत अर्धा तास चाल. १०८ धारांखालून पळत जाऊन अंघोळ करायची प्रथा आहे. पाणी बर्फासारखं असतं, आणि हेल्मेटने घामेजलेल्या डोक्याने लगेच त्याखाली जाऊ नका.

अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना पोखऱ्यातच काढून ठेवा, वाटेत चौकीवर तपासतात. सार्क देशांच्या नागरिकांना दर कमी आहे.

१०. गाडीत काय काय बदल करू?

लोक इथे फार पैसे घालतात. मी जे केलं आणि पुन्हा करेन तेवढंच सांगते.

बॅश प्लेट, म्हणजे इंजिनाखालचा लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा. रस्त्याच्या गाडीत सायलेन्सरचा पाइप आणि ऑइल फिल्टर अगदी पुढे उघडे असतात. एक नेमका दगड आणि प्रवास संपला. बसवताना पाहा की पत्रा इंजिनाच्या दोन बोटं खाली आहे आणि ऑइल काढायचा बोल्ट त्यातून हाताशी येतो. रेडिएटर असेल तर त्यापुढे जाळी.

मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीपासूनचा ताण, वाढवा. हे फुकट आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगी आहे. सामान चढवल्यावर गाडी मागे बसते, उरलीसुरली उंची जाते. प्रीलोडच्या दोन-तीन खाचांनी ती परत मिळते.

हँडल उंच करणारे रायझर. खराब रस्त्यावर उभं राहून चालवायचं असतं आणि मूळ हँडलवर कंबरेतून वाकावं लागतं. तुमची उंची माझ्यासारखी पाच फूट दोन इंच असेल तर गरज नाही.

चेन, ब्रेक पॅड, क्लच केबल नवीन असू द्या. जुनी केबल सुटे भाग म्हणून सोबत घ्या. एअर फिल्टर एक जादा न्या, कालीगंडकीची धूळ पिठासारखी बारीक आहे. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एका दाताने लहान केलं तर चढाला पहिल्या गिअरमध्ये जोर येतो, मैत्रिणीने केलं होतं आणि ती खूश होती.

जादा दिवे, क्रॅश गार्डवर पेट्रोलचे डबे, लोखंडी पेट्या यातलं काही नको. सामान मऊ पिशव्यांत, खाली आणि पुढच्या बाजूला, एकूण वीस किलोच्या आत. पडल्यावर लोखंडी पेटी पायावर येते.

११. टायर बदलावेत का? हवा किती ठेवू?

सतरा इंची चाकांना मिळणारे थोडे खोल खाचांचे टायर घातले तर चांगलं, पण गाडीवरचे टायर निम्म्याहून जास्त शिल्लक असतील तर त्यांवरही जाता येतं. मी पहिल्यांदा तशीच गेले.

हवेच्या बाबतीत माझी चूक ऐका. ऑफ-रोडला हवा कमी करायची असं वाचून मी बेनीत पुढच्या चाकात २० पीएसआयच ठेवली. घासाच्या अलीकडे एका दगडावर टायर पूर्ण दबला आणि अलॉय रिमला पोचा पडला. हवा हळूहळू निघत होती, दर तासाला पंपाने भरत पोखरा गाठावं लागलं. तारांच्या चाकाला आणि जाड टायरला जे चालतं ते आपल्या अलॉयला चालत नाही. आता मी कंपनीने सांगितलेल्या आकड्यापेक्षा चार पीएसआय कमी करते, त्याखाली नाही. डांबर लागलं की परत भरते.

ट्यूबलेस टायरचा फायदा असा की पंक्चरच्या वाती आणि छोटा बॅटरीवरचा पंप असला की पंधरा मिनिटांत काम होतं. घरी एकदा स्वतःच्या हाताने वात घालून पाहा.

१२. रस्त्यावरून वाहणारे ओढे कसे ओलांडायचे?

आधी पायी. बूट भिजले तरी चालतील. तळाचे दगड पायाने चाचपडा, पाणी गुडघ्यापर्यंत आलं तर थांबा आणि स्थानिक जीप कुठून जाते ते बघा. पाणी पोटरीच्या खाली असेल तर पहिला गिअर, एकसारखी रेस, नजर पलीकडच्या काठावर. मध्ये क्लच दाबू नका.

वितळलेल्या बर्फाचं पाणी दुपारनंतर वाढतं, हे एप्रिल-मेमध्ये फार जाणवतं. सकाळी पोटरीएवढा असलेला ओढा चार वाजता मांडीला लागलेला मी पाहिला आहे. वाऱ्याचं कारण वर सांगितलंच (प्रश्न ९). दोन्हींचा अर्थ एकच, पहाटे निघायचं आणि दुपारी मुक्कामी असायचं.

गाडी पाण्यात आडवी होऊन बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. बाहेर ओढा, एअर फिल्टर उघडून आत पाणी आहे का बघा, मगच पुढे.

१३. उंचीवर गाडी दम टाकेल का?

हो, आणि तो बिघाड नाही. ३,७०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशापेक्षाही थोडा कमी असतो, ताकद साधारण त्याच प्रमाणात उतरते. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचं प्रमाण आपोआप जुळवून घेतं. जुनी कार्बुरेटरची गाडी काळा धूर सोडते, गुरगुरते, पण चढते. एक गिअर खाली ठेवा.

१४. मागे माणूस बसवून जमेल का?

जमलं, पण मी कुणाला आग्रह करणार नाही. दोन माणसं आणि सामान मिळून गाडीची उंची अजून कमी होते. घासा ते लेतेमध्ये माझा नवरा सात-आठ वेळा उतरून चालत आला. त्याची त्याला तक्रार नव्हती, पण आठ तासांचे दहा झाले. शहाणपणाचा मार्ग असा: मागच्याने बेनीहून जोमसोमपर्यंत जीपने यायचं आणि सामानही जीपमध्येच. गाडी हलकी, दोघंही सुखी.

१५. विरळ हवेचा त्रास होतो का? गोळी घ्यावी का?

पोखरा साधारण ८०० मीटरवर आहे. तिथून दोन दिवसांत मुक्तिनाथ म्हणजे शरीरावर ताण आहे. मी पोखऱ्यानंतर तातोपानी, मग मार्फा असे मुक्काम करते, मुक्तिनाथला दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली येते. वर जाणं चालतं, वर झोपणं जास्त त्रास देतं. डोकेदुखी, मळमळ, तोल जाणं यातलं काही झालं तर दर्शनाचा हट्ट सोडून खाली या. तोल जाणाऱ्याने गाडी चालवायची नाही, जीप करा. गोळीचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, रक्तदाब किंवा सल्फाची ॲलर्जी असेल तर नक्कीच.

१६. एकटी बाई जाऊ शकते का?

मी एकटी गेलेली नाही, म्हणून अनुभवाने सांगते तेवढंच. मुस्ताङच्या, म्हणजे जोमसोम-मुक्तिनाथच्या जिल्ह्याच्या, वाटेवर बरीच हॉटेलं थकाली बायका चालवतात, त्यांना साहुनी किंवा दिदी म्हणतात, आणि त्या घरात मला कधी परकं वाटलं नाही. मला काळजी असते ती गाडीची. पडलेली गाडी एकटीने उचलता येते का, ते घरी करून पाहा. येत नसेल तर बेनीच्या वर कुणाच्या तरी सोबतीने चाला. वाटेत कुणी ना कुणी भेटतंच.

१७. पैसे, फोन, पेट्रोल यांचं काय?

एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी, १९९३पासून हा दर बांधलेला आहे. शंभरापर्यंतच्या भारतीय नोटा सहज घेतात. मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत, म्हणून सीमेवरच नेपाळी रोकड करून घ्या. मार्च २०२४पासून नेपाळच्या फोनपे (Fonepay, आपलं PhonePe नव्हे) क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं, पण डोंगरात रोख लागते. सिमसाठी वरच्या भागात नेपाळ टेलिकॉमला रेंज चांगली मिळाली.

१८. गाडी बिघडली किंवा अपघात झाला तर?

आपल्या बहुतेक कंपन्यांच्या गाड्या नेपाळात विकल्या जातात, पोखऱ्यात सुटे भाग मिळतात. वर बंद पडली तर पिकअप किंवा मोकळी जीप ठरवून खाली आणायची, भाडं आधी पक्कं करा. माझं रिम पोखऱ्यातल्या एका लहानशा गॅरेजमध्ये दोन तासांत सरळ झालं.

पोलीस १००, रुग्णवाहिका १०२, ट्रॅफिक पोलीस १०३, पर्यटक पोलीस ११४४. समोरच्याला इजा झाली असेल तर जागेवर पैसे देऊन मिटवायच्या दबावात येऊ नका, पोलिसांना बोलवा आणि त्यांचा लेखी कागद घ्या. दारूची तपासणी, ज्याला तिथे मापसे म्हणतात, कडक असते. मार्फ्याची सफरचंदाची ब्रँडी गाडी लावल्यावरच. आणि काठमांडू खोऱ्यात २०१७पासून विनाकारण हॉर्न वाजवायला बंदी आहे, आपल्या अंगठ्याला ती सवय मुद्दाम मोडावी लागते.

१९. आजारपणामुळे विमानाने परत यावं लागलं आणि गाडी नेपाळातच राहिली, तर?

भन्सार गाडीवर असतं, तुम्ही परत आलात म्हणून ते संपत नाही. गाडी मित्राकडे ठेवून निघून जाणं हे सगळ्यात वाईट. मुदत संपायच्या आधी जवळच्या भन्सार कार्यालयात डॉक्टरांचा कागद आणि पोलिसांची नोंद घेऊन कुणाला तरी पाठवा, आणि गाडी परत आणणाऱ्याच्या नावाने अधिकारपत्र करा (मजकूर प्रश्न ५ प्रमाणे). मुदत शिल्लक असताना बोलणं आणि टळल्यावर बोलणं यात फार फरक पडतो. म्हणूनच जादा दिवस मागा असं सांगते.

२०. माझ्याकडे अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड आहे. गाडी भावाची, पुण्याची.

नेपाळसाठी तुम्ही परदेशी. व्हिसा लागतो, तो बेलहियाच्या इमिग्रेशन कार्यालयात मिळतो, १५ दिवसांचे ३० डॉलर, ३० दिवसांचे ५०. डॉलरच्या नोटा जवळ ठेवा. आणि भारतातून बाहेर पडताना सोनौलीच्या भारतीय इमिग्रेशनवर शिक्का न चुकता घ्या. बाकीचे भारतीय न थांबता जातात म्हणून तुम्हीही त्यांच्या मागोमाग गेलात तर परत येताना अडकाल. अन्नपूर्णेच्या परवान्याचा सवलतीचा दर तुम्हाला नाही. गाडीसाठी भावाचं अधिकारपत्र लागेलच.

२१. कागबेनीच्या पुढे लो मान्थाङला जाऊ शकतो का? तिथून तिबेट?

कागबेनीच्या पुढचं वरचं मुस्ताङ प्रतिबंधित क्षेत्र आहे. भारतीयांनाही वेगळा परवाना लागतो, तो नोंदणीकृत एजन्सीमार्फतच मिळतो आणि शुल्क डॉलरमध्ये असतं. रस्त्याच्या गाडीने तो तुकडा मी केलेला नाही. स्वतःच्या गाडीने तिबेटात शिरायचं तर चीनची परवानगी, गाइड आणि तात्पुरतं लायसन्स ही सगळी तयारी महिने आधी करावी लागते. सीमेवर जाऊन विचारण्यासारखं ते नाही.

२२. मग भूतान सोपं आहे का?

रस्ते खूप चांगले, आपल्या गाडीला अगदी साजेसे. पण खर्च वेगळा आहे. भारतीयांना माणशी रोज रात्रीचे १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं, फुन्त्शोलिंगला परवाना आणि गाडीची वेगळी परवानगी घ्यावी लागते. पहिला परदेश प्रवास असेल तर मी नेपाळच सुचवते.

२३. एवढं सगळं करण्यापेक्षा आधी ॲडव्हेंचर बाईकच घेऊ का?

पैसे असतील आणि पुढची दहा वर्षं असेच रस्ते फिरायचे असतील तर घ्या. नुसत्या या एका प्रवासासाठी घेऊ नका. त्या गाड्यांची सीट सव्वाआठशे मिमीच्या आसपास असते, वजन दोनशे किलोच्या जवळ. माझे पाय त्यावर जेमतेम टेकतात. माझ्या गाडीवर दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकतात, आणि घासाच्या ओढ्यात दगड घसरला तेव्हा त्याच कारणाने मी गाडी सावरू शकले.

त्यापेक्षा निघण्याआधी दोन रविवार द्या. लोणावळ्याहून राजमाचीचा कच्चा रस्ता, पाऊस संपल्यावर, पूर्ण सामान लादून, उभं राहून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. राजमाचीहून परत आल्यावर बॅश प्लेटचे बोल्ट तपासा. माझ्या प्लेटचे दोन सैल झाले होते.